नऊ, ओ, एल आणि पूर्णविराम

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. सत्त्याऐंशी साली, दिवाळीच्या सुटीनंतर क्लास उघडला त्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकराला. साडेअकरा ही वेळ मी अंदाजाने सांगत नाही. उठताना समोर कोणाकडे बघायचं हे कळेना म्हणून आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उठली होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

क्लास नागपूरला धंतोलीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली औषधांचा वास आणि गावोगावचे पेशंट, वर कॉम्प्युटर. तीन होते. त्यांच्यासाठी गार हवेचं यंत्र होतं, खिडक्यांना जाड पडदे होते आणि चपला जिन्यातच काढायच्या असा नियम होता. क्लासचे सर स्वतः पायमोजे घालून वावरत. मशीनजवळ कोणी शिंकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

आत्या चाळीस वर्षांची. लग्न केलं नाही, त्याचं कारण ती कोणाला सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. वीस वर्षं ती कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल मांडून टाइप करायची. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार. नागपूरचा मे महिना ज्याने झाडाखाली बसून काढला असेल त्यालाच कळेल की टाइपरायटरच्या लोखंडाला दुपारी हात लावता येत नाही म्हणजे काय. महाल भागातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटर येणार होता. त्यांच्या सेक्रेटरींनी आत्याला सांगितलं होतं, महिनाअखेर सर्टिफिकेट दाखवा, खुर्ची तुमची. नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे. खुर्ची म्हणजे डोक्यावर छप्पर आणि छपराला पंखा. एवढ्यासाठी ती चाळिसाव्या वर्षी अठरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसली.

आणि त्या सोमवारी तीन नंबरचं मशीन बिघडलं. कॉम्प्युटर चालू होता, कीबोर्डची चार बटणं मेली होती. नऊ, ओ, एल आणि पूर्णविराम.

सरांनी ती चार बटणं दाबून बघितली. मग ते आत्याला म्हणाले, हात दाखवा. तिने दाखवला. त्यांनी सगळ्या वर्गासमोर समजावून सांगितलं की ही चारही बटणं टाइपिंग शिकलेला माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने दाबतो, करंगळीच्या शेजारच्या. बाकीची पोरं दोन बोटांनी शोधत शोधत टाइप करतात. दहा बोटं वापरणारं क्लासमध्ये एकच माणूस. शिवाय टाइपरायटरवर ठोकायची सवय. हिशेब सोपा आहे, असं म्हणाले.

दुपारपर्यंत फळ्यावर कागद लागला. टाइपरायटरच्या सवयीने कीबोर्डवर प्रहार करू नये, अशा प्रकारामुळे तीन नंबरचे मशीन नादुरुस्त झाले आहे, संबंधित विद्यार्थिनीस प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येणार नाही. नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरज होती का? क्लासमध्ये टाइपरायटरवरून आलेली विद्यार्थिनी एकच होती. याला मी सभ्यपणा म्हणत नाही.

परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होती. कीबोर्ड दुरुस्तीला मुंबईला पाठवला तर परत यायला महिना.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पत्रकं काढायचे. वसतिगृहाच्या पाण्यावर, बसच्या पासवर, लायब्ररी पाचला बंद होते त्यावर. टाइपरायटरवर मेणकागदाचं स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायच्या, चौकात उभं राहून वाटायचं. माझी सगळी स्टेन्सिलं आजवर आत्याने कापून दिली होती. म्हणून त्या संध्याकाळी मी मजकूर लिहून तिच्यासमोर ठेवला. शीर्षक होतं, सडक्या मालाचा बळी कोण? क्लासवाल्यांनी कंपनीकडून स्वस्तातला सडका माल घेतला आणि तो लपवण्यासाठी एका कष्टकरी बाईला पुढे केलं, असं मी दोन परिच्छेदांत सिद्ध केलं होतं.

आत्याने वाचलं. तिने विचारलं, माल सडका आहे हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, दुसरं काय असणार? ती कागद परत देत म्हणाली,

"मले माहीत नाही ते मी टाइप करत नाही. कोर्टात बसते मी."

मग मी स्वतः स्टेन्सिल कापलं, दोन बोटांनी, रागाने. तीनशे प्रती काढल्या. शाईच्या वासाने घर भरलं. जेवताना आत्याने उजवा हात ताटाजवळ धरला होता आणि ते बोट ती जरा वेगळं काढून बघत होती, जसं आपण चूक केलेल्या पोराकडे बघतो तसं. तेव्हा मला कळलं की तिला सरांचं खरं वाटलंय. आपल्या बोटानेच ते केलं असं तिला वाटत होतं. सर्टिफिकेट राहिलं बाजूला. वीस वर्षं ज्या हातावर ती जगली, त्या हातावरचा तिचा विश्वास उडत चालला होता. मला राग आला तो याचा, आणि अजून येतो.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ती सरांकडे गेली. मीही गेले, पिशवीत तीनशे पत्रकं घेऊन. आत्याने मला जिन्यातच बजावलं होतं की पिशवीचं तोंड उघडायचं नाही. ती सरांना म्हणाली, मुंबईला पाठवायच्या आधी एक रविवार मला द्या. मी उघडून बघते. सर हसले नाहीत, पण जवळजवळ हसले. टाइपरायटर नाही हा, म्हणाले. आत्या म्हणाली, माहीत आहे. शेवटी त्यांनी एक अट घातली: माझ्या हातून बिघडला म्हणून मी दुरुस्तीला नेत आहे, असं लिहून द्या.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आत्याने माझा हात दाबला आणि म्हणाली, देते की, टाइप करूनच देते. क्लासच्या ऑफिसात जुना टाइपरायटर होता. बसली आणि अर्ध्या मिनिटात कागद ओढून काढला. मजकूर असा: खाली सही करणार यांनी तीन क्रमांकाच्या यंत्राचा कीबोर्ड बंद स्थितीत, कारण अज्ञात, तपासणीसाठी दिला व मी घेतला, सबब ही पोच. दोन प्रती, मध्ये कार्बन. सरांनी सुबक टायपिंगकडे बघितलं आणि खाली सही केली. वाचलं नाही. लोक टाइप केलेला कागद वाचत नाहीत, हे आत्याला वीस वर्षांपासून ठाऊक.

जिन्यात चपला घालताना मला हसू आवरेना. ती म्हणाली, गप चाल.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. दीक्षेच्या दिवशी आत्या नऊ वर्षांची होती, माझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून तिने ती गर्दी बघितली. त्यानंतर आमच्या घरात अवजारांना कुंकू लागलं नाही. पण दसऱ्याच्या तोंडावर आत्या एक करते. टाइपरायटर अंगणातल्या बाजेवर घेते, पेचकसाने खालचे स्क्रू सोडते, आणि अक्षरांच्या एकेका काडीला ब्रशने साफ करते. रिबनची धूळ, कागदाचा कीस, निंबाचा मोहोर, एकदा मुंगळ्यांचं अख्खं बिऱ्हाड. मग कापडाने पुसते, तेलाचा एकेक थेंब देते, आणि परत बंद करते. घर दसऱ्याला गावाकडच्या पाहुण्यांनी भरलेलं असतं, अंगणात पाय ठेवायला जागा नसते, तरी त्या बाजेवर कोणी बसत नाही. आमच्याकडे मशीनची पूजा नाही, सफाई आहे. त्यामुळे कीबोर्ड उघडायचा म्हणजे काय विशेष, असं आत्याला वाटत होतं. तिला भीती कीबोर्डची नव्हती, आत काय दिसेल त्याची होती.

रविवारी सकाळी ऊन अंगणात आलं तशी बाज मांडली. खाली जुनी चादर, वर वर्तमानपत्र. आईने संत्री सोलून आणली तर आत्याने तिला लांब बसायला सांगितलं. मशीन उघडं असताना रस उडेल असं काही जवळ नको. माझे बाबा वीज खात्यात लाइनमन. ते ड्यूटीवरून येऊन आंघोळीला गेले होते.

मागचे स्क्रू निघाले. झाकण निघालं. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर बटणांची पलटण. प्रत्येक बटणाची टोपी वरून ओढली की निघते, खाली बारीक दांडा आणि स्प्रिंग. आत्याने केसातला आकडा वाकवून पहिली टोपी कशी काढायची ते दाखवलं आणि स्पिरिटची बाटली आणायला आत गेली.

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. ती बाहेर आली तोवर सगळ्या टोप्या साबणाच्या पाण्यात, परातीत. ऐंशीच्या वर. काही पाण्याखाली, काही तरंगत.

आत्याने परातीकडे बघितलं. मग उघड्या दांड्यांकडे. मग माझ्याकडे.

"कोन्ती कुठची, लिहून ठेवलं काहून नाही वं?"

मी परातीत हात घालून ए शोधायला लागले. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं आणि आत्याला म्हणाले,

"ताई, हिले फक्त मोर्चा काढता येते. नकाशा नाही काढता येत."

मला ओशाळायला झालं. सर खरे ठरले होते, बिघडवणारे हात या घरातलेच. पण आत्या रागावली नाही. म्हणाली, आधी आत बघू, मग टोप्यांचं बघू.

आणि आत बघितलं तर एलच्या दांड्याच्या बुडाशी काहीतरी होतं. आत्याने चिमट्याने ते उचललं आणि तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. लाल.

आम्ही तिघं त्या दाण्यावर वाकलो. मी बोट लावलं तर बोटाला रंग लागला. कुंकू. पूर्णविरामाच्या दांड्याजवळ आणखी दोन दाणे निघाले. एका स्प्रिंगमध्ये नारळाच्या शेंडीचा धागा अडकला होता.

मी दिवस मोजायला लागले. क्लासमध्ये खंडेनवमीला पूजा असते हे आत्याला माहीत होतं. ती गेली नव्हती, कारण त्या दिवशी ती याच बाजेवर आपला टाइपरायटर पुसत होती आणि स्वयंपाकघरात तीस माणसांचं पीठ मळलं जात होतं. म्हणजे ज्या दिवशी हा तांदूळ आत गेला त्या दिवशी आत्या धंतोलीत नव्हतीच. मी उड्या मारायला लागले. आत्या म्हणाली, थांब. तांदळाने बटण अडेल, मरणार नाही. अडलेलं बटण आणि मेलेलं बटण यात फरक आहे. ही चारच काहून मेली ते सांग.

हे मला सांगता येईना. बाबांना आलं.

त्यांनी ती हिरवी पट्टी सोडवून उलटी केली. उलट्या बाजूला तांब्याच्या बारीक रेघा, गल्ल्यांसारख्या. खालच्या कोपऱ्यात चिकट, पिवळसर डाग वाळलेला होता, आणि त्या डागाखाली एक रेघ हिरवी पडून तुटली होती. तुटलेली जागा तांदळाच्या दाण्याएवढी. बाबांनी त्या रेघेवर नखाचं टोक ठेवलं आणि पुढे नेलं. रेघ पूर्णविरामाखालून निघाली, एलला लागली, तिथून ओला, तिथून नऊला, आणि संपली.

"हे बघ," बाबा म्हणाले, "एका गल्लीतल्या चार घरचे दिवे एकदम गेले, तर मी चार बल्ब बघतो का? मी खांबावर चढतो."

चारही बटणं एकाच तारेवरची होती. ती तार नारळाच्या पाण्याने खाल्ली होती. पूजेत पाणी पडलं, आत झिरपलं, पट्टीखाली साचलं. मग दिवाळीची सुटी लागली, क्लास बंद, पडदे ओढलेले. पाण्याने सावकाश तांबं खाल्लं आणि सुटी संपायच्या दिवसात तार तुटली. ज्या बोटाखाली ही चार बटणं येतात ते बोट आणि ज्या तारेवर ती येतात ती तार, यांचा संबंध नुसता योगायोगाचा. बोटाने काही केलं नव्हतं.

आत्याने आपला उजवा हात उन्हात धरला. ते बोट हलवून बघितलं. आणि हसायला लागली. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. आईला वाटलं काही झालं, ती संत्र्यांची ताटली घेऊनच धावत आली, तिला बघून आत्या आणखी हसली. आठवडाभर घरात तो आवाज नव्हता.

"कोणत्या बोटाने लावते गा कुंकू?" तिने बाबांना विचारलं.

बाबांना कळायला क्षण लागला. मग त्यांनीही आपलं तेच बोट वर केलं, करंगळीशेजारचं. कुंकू याच बोटाने लावतात, हे आमच्या घरातही सगळ्यांना माहीत, पूजा करो न करो. सरांनी बोट बरोबर ओळखलं होतं. हात चुकला होता.

पुढचं काम बाबांचं. त्यांनी सोल्डरिंग तापवलं, डाग स्पिरिटने पुसला, हिरवा भाग खरवडला आणि जुन्या वायरीतली केसाएवढी एक तार काढून तुटलेल्या जागेवर झाळली. खांबावर चढणारी जाड बोटं, पण श्वास रोखून असं नाजूक काम केलं की मला त्यांचा अभिमान वाटला. तसं मी बोलले नाही, बोलले असते तर त्यांनी नकाशाची आठवण काढली असती.

उरल्या टोप्या. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या. आणि समोर उघडे दांडे, सगळे सारखे.

मी आत्याला विचारलं, बी कुठे येतो? तिला सांगता येईना. खरंच येईना. वीस वर्षं टाइप करणारी बाई, आणि बी कुठे ते माहीत नाही. म्हणाली, मला नाही माहीत, हाताला माहीत असेल. मग तिने डोळे मिटले, हात दांड्यांवर ठेवले आणि कोर्टातलं वाक्य टाइप करायला सुरुवात केली, ओठांनी पुटपुटत. मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, ते इंग्रजीतलं. जिथे बोट उतरेल तिथे थांबायची, अक्षराचं नाव घ्यायची, आणि मी त्या दांड्यावर ती टोपी बसवायची. एस. ओ. एल. ई. एम. बोट उचललं की टोपी. बाबा टोप्या शोधून देत होते आणि आई मध्ये बसून, हात धुऊन, त्या पुसत होती.

सत्यप्रतिज्ञा संपली तेव्हा बरीच अक्षरं बसली होती. पण एक्स, झेड, क्यू आणि जे वर्तमानपत्रावरच पडून होते. सत्यप्रतिज्ञेत ती येत नाहीत. आत्या डोळे मिटूनच म्हणाली, थांबा. आणि तिच्या पोतडीतून कोर्टाचे शब्द निघायला लागले. एक्ससाठी अॅनेक्शर. झेडसाठी सीझ्ड. क्यूसाठी क्वॅश्ड. जे आला ज्युरिस्डिक्शनमधून. प्रत्येक शब्दाला बोट नेमकं आपल्या जागी जात होतं, एकदाही अडखळलं नाही. ज्या हाताला सरांनी वर्गासमोर आरोपी केलं होतं, तोच हात डोळे मिटून त्यांचं मशीन परत जोडत होता. मी पत्रकं खूप लिहिली आहेत, पण यापेक्षा चोख उत्तर मी कधी लिहिलं नाही.

उरलेल्या अनोळखी टोप्या, ज्या टाइपरायटरला नसतात, त्या मी आठवून आणि दांड्यांच्या रुंदीवरून बसवल्या. त्यातल्या दोन चुकल्या, हे सोमवारी कळलं.

संध्याकाळी मी नवीन पत्रकाचा मजकूर घेऊन बसले. शीर्षक सुद्धा ठरलं होतं. आत्याने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. माझं तिच्याशी भांडण झालं. आता तर पुरावा आहे, मी म्हटलं, आता काहून नाही? ती म्हणाली, पहिलं पत्रक आठव. त्यात काय लिहिलं होतं? सडका माल. माल सडका होता का? तू तीनशे कागदांवर खोटं छापलं, त्यांनी एका कागदावर. मोजून बघ कोणाचं जास्त होते. ते तीनशे कागद तिने ठेवून घेतले आणि कोऱ्या बाजूवर परीक्षेचा सराव केला. मला ते बोलणं लागलं. पण वाटायच्या आधी तिने मला थांबवलं होतं, हे मला मान्य करावंच लागेल.

सोमवारी आम्ही क्लासला गेलो. सरांनी कीबोर्ड जोडला, कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. आत्या बसली. पोरं मागे गोळा झाली. तिने हात ठेवले आणि सवयीने तेच टाइप केलं, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की. सगळी अक्षरं उमटली. ओ उमटला, एल उमटला. शेवटी पूर्णविराम दिला, मग नऊ दाबून दाखवला आणि एंटर केलं. कॉम्प्युटरने खाली लिहिलं की ही आज्ञा चुकीची आहे. सगळा क्लास हसला. आत्याही हसली. म्हणाली, कोर्टही पहिल्या दिवशी असंच म्हणते.

मग तिने पर्समधून काडेपेटी काढली आणि सरांसमोर उघडली. आत तीन दाणे, लाल, आणि नारळाच्या शेंडीचा धागा.

"सर, हे तुमच्या मशीनमधून निघालं. तुमची वस्तू तुम्हाले परत."

सरांनी काडेपेटीत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकेन, पण आत्याला आवडणार नाही. एवढंच सांगते, त्यांनी वाद घातला नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले की नारळ त्यांनी स्वतः फोडला होता, पहिलं पाणी मशीनला म्हणून. तीन नंबर सगळ्यात नवीन, म्हणून त्याला जास्त. हे ते असं म्हणाले की माझा राग अर्धा उतरला. त्या माणसाचं त्या मशीनवर खरंच प्रेम होतं. पायमोजे घालून वावरायचा, आणि नारळाचं पाणी ओतायचा.

परीक्षेला बसा, ते म्हणाले. आत्या म्हणाली, बसते. आणि फळ्यावरचा कागद?

त्यांनी उठून कागद काढला आणि घडी करून खिशात ठेवला. आत्या म्हणाली, कागद काढला, पण तो आठ दिवस सगळ्यांनी वाचला. त्याच जागी तेवढाच दुसरा लावा, कारण सापडलं म्हणून. सर म्हणाले, हो, लावतो, होईल.

आत्या शुक्रवारी परीक्षेला बसली आणि पहिली आली. पतसंस्थेत तिच्या खुर्चीवर पंखा आहे. पंखा जोरात सुरू केला की कागद उडतात अशी तिची तक्रार असते, आणि ती तक्रार ती आनंदाने करते. पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सरांनी तिला निरोप पाठवला, येऊन तिन्ही कीबोर्ड उघडून साफ करून देता का? ती गेली. मला घेऊन गेली, पण टोप्यांना हात लावू दिला नाही. पूजेला सरांनी कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर घातलं, कुंकू कव्हरला लावलं आणि नारळ जिन्यात फोडला. आत्या या वेळी दारात उभी होती. तिने खोबरं घेतलं, खाल्लं, चांगलं होतं म्हणाली.

पण तो दुसरा कागद फळ्यावर कधी लागला नाही. मी दोनदा जाऊन बघितलं. म्हणून हे लिहिलं. आत्याने ते तीनदा वाचलं, दोन वाक्यं खोडली, एका जागी मी सरांना उगाच टोचलं होतं ते काढायला लावलं, आणि मग म्हणाली, आता खरं आहे, आण इकडे. टाइप तिनेच केलं आहे.

तो पहिला कागद ज्यांनी वाचला होता, तुमच्यापैकी काही आमच्याच शहरात आहेत, त्यांनी आता हाही वाचावा आणि महालात कधी गेलात तर तिला तसं सांगून यावं. आणि बाकीच्यांनो, तुमच्या ऑफिसात, शाळेत, दुकानात उद्या एखादं मशीन बंद पडेल आणि कोणीतरी म्हणेल, त्या बाईच्या हाताने गेलं. तेव्हा मान हलवू नका. तिचा हात बघायला मागू नका. तिथेच उभं राहून पेचकस मागा.